काटा लाल झाला? थांबा, पण झाकणाला हात लावू नका!

रविवारची संध्याकाळ. चाळीसगावजवळचं पाटणादेवी बघून तुम्ही पाच जण छत्रपती संभाजीनगरकडे परत निघालाय. गाडी बाबांची, स्टिअरिंग तुमच्या हातात. मागे तिघं दाटीवाटीने बसलेत, शेजारचा मित्र दर मिनिटाला गाणी बदलतोय, एसी फुल्ल. कन्नडचा घाट सुरू होतो. पुढे चाऱ्याने भरलेला एक पिकअप. ओव्हरटेकला जागा नाही, म्हणून गाडी तिसऱ्या गिअरवर कण्हत-कुंथत चढतेय.

तेवढ्यात एसीची हवा कोमट लागायला लागते. मागून आवाज येतो, ‘एसी वाढव ना यार.’ मग एक गोडसर, करपल्यासारखा वास येतो. आणि डॅशबोर्डवरच्या ज्या काट्याकडे तुम्ही आजवर कधी ढुंकूनही पाहिलेलं नाही, तो मधली जागा सोडून लाल पट्टीकडे सरकलेला दिसतो.

आता शेजारचा मित्र काय म्हणणार हे ठरलेलं असतं. ‘चल रे, कन्नड आलंच. वर गेल्यावर बघू.’

नाही. इथेच थांबायचं. म्हणजे गाडी थांबवायची, लेख वाचत राहायला हरकत नाही.

गाडी गरम होणं ही काही जगबुडी नाही. इंजिनाची वाट लागते ती त्यानंतर आपण गाडी तशीच दामटतो त्या चार-पाच मिनिटांत. आणि माणसाला इजा होते ती गाडी थांबवल्यावर, बॉनेट उघडून ‘पाणी आहे का बघू’ म्हणत झाकणाला हात घालतो तेव्हा. दोन्ही चुका घाईच्या. पहिली मी स्वतः केलेली आहे. म्हैसमाळहून येताना काटा वर गेलेला दिसत होता, घरी कळलं तर बोलणी बसतील म्हणून तशीच खाली आणली. बोलणी तर बसलीच, वर इंजिनाचं हेड उतरवावं लागलं आणि बिल पाच आकडी आलं. वेळेवर थांबलो असतो तर एका फाटलेल्या होज पाइपवर निभावलं असतं.

गाडी तापते म्हणजे नेमकं काय होतं?

सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा क्षणभर तिथलं तापमान २,००० अंशांच्या वर जातं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि आजच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. मग ते वितळत का नाही? कारण त्याच्या आतल्या पोकळ वाटांमधून कूलंट सतत फिरत असतं. पाण्यात ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं मिसळलेलं हे मिश्रण पंपाने ढकललं जातं, इंजिनाची उष्णता घेऊन पुढे रेडिएटरमध्ये येतं, तिथे वाऱ्याने थंड होतं आणि परत इंजिनात जातं. इंधन जाळून मिळालेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांपर्यंत पोचते. तेवढीच धुराबरोबर जाते आणि जवळपास तेवढीच या कूलंटला वाहून न्यावी लागते. ही वाहतूक थांबली की उष्णता तुंबते. काटा सांगतो तो याच तुंबण्याबद्दल.

एक घोळ मात्र आहे. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये तो काटाच नसतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर एक निळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने जातो. तोच दिवा लाल होऊन पेटला तर समजायचं की गाडी तापलीये. काटा निदान हळूहळू वर चढत सावध करतो. दिवा थेट शेवटचीच बातमी देतो. तुमच्या गाडीत काय आहे, हे आज पार्किंगमध्ये जाऊन एकदा बघाच.

आणि एसी कोमट का झाला? काही गाड्यांमध्ये इंजिन जास्त तापलं की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो, इंजिनावरचा भार कमी व्हावा म्हणून. म्हणजे गाडीने तुम्हाला आधीच सांगितलं होतं, आपण मात्र एसीला शिव्या घालत बसलो. तो गोड वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. वास गोड असला तरी ते विष आहे. सांडलेलं कूलंट कुत्रं चाटायला आलं तर हाकला, आणि कूलंट कधीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका.

काटा चढतोय, पण लाल झालेला नाही

अशा वेळी हातात थोडा वेळ असतो. पहिलं काम एसी बंद करायचं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, आणि एसीची गरम जाळी रेडिएटरच्या अगदी पुढ्यात बसवलेली असते, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते.

दुसरं काम ऐकून मित्र तुम्हाला वेड्यात काढतील. काचा खाली करा आणि हीटर लावा, पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण. मे महिन्यात, हो. गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. त्यातून इंजिनाचंच गरम कूलंट फिरतं. तो सुरू केला की इंजिनाची थोडी उष्णता तुमच्या तोंडावर येते, आणि तेवढीच इंजिनातून कमी होते. घामाघूम व्हाल, पण इंजिन वाचेल. काही क्षणांत हीटरमधून गरम हवा न येता साधी हवाच येत असेल, तर तो वाईट इशारा आहे. आत फिरायला कूलंटच उरलेलं नसण्याची शक्यता मोठी. मग लगेच थांबायचं.

घाट चढताना वरच्या गिअरवर इंजिन कण्हत ठेवू नका. एक गिअर खाली घ्या. इंजिन जरा जोरात फिरलं की पाण्याचा पंपही जोरात फिरतो. पुढच्या पिकअपपासून अंतर ठेवा, त्याचा गरम धूर आपल्या रेडिएटरला कशाला खाऊ घालायचा? एवढं करून काटा खाली येत नसेल तर जागा मिळेल तिथे थांबायचं.

काटा लाल, किंवा बॉनेटमधून वाफ

आता चर्चा नाही. हॅझर्ड लाइट लावा, डावीकडे घ्या. वळणावर थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. थोडी रुंद जागा बघा, पण ती शोधत दोन किलोमीटर जाऊ नका. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चढावर चाकामागे दगड लावा. सगळ्यांना रस्त्याच्या डाव्या बाजूने उतरवा आणि गाडीपासून लांब, कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे उभं करा. डिकीत लाल त्रिकोण असतो, तो गाडीच्या मागे निदान पन्नास पावलं नेऊन ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल आणि मग गाडी.

कन्नडच्या या घाटाचं कागदोपत्री नाव औट्रम घाट, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमच्या नावावरून. शेजारच्या गौताळा अभयारण्याच्या नावातही हा औट्रमघाट आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर इथे जड वाहनांना बंदी घातली गेली, इतकी इथली कोंडी आणि अपघात गंभीर झाले होते. त्यामुळे इथे बंद पडलेली एक गाडी मागच्या कितीतरी जणांना अडकवू शकते, हे डोक्यात ठेवूनच जागा निवडा.

समृद्धी महामार्गावर गोष्ट आणखी वेगळी. सावंगी किंवा माळीवाड्याला वर चढलात की १२० ची वेगमर्यादा, सरळसोट सिमेंटचा रस्ता. तासन् तास एकाच वेगात पळताना डोळे रस्त्यावर असतात, काट्यावर नसतात. तिथे थांबावं लागलं तर गाडीत बसून राहणं आणि गाडीच्या मागे उभं राहून सेल्फी काढणं, दोन्ही सारखंच धोक्याचं. क्रॅश बॅरियरच्या पलीकडे जाऊन उभं राहा आणि तिथून फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणीबाणीत कुठेही ११२.

झाकण म्हणजे कुकर आहे

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी थांबली, वाफ निघतेय, आणि तुमच्यातला जो सगळ्यात ‘जाणकार’ आहे तो म्हणतो, ‘रेडिएटरचं झाकण उघड, पाणी टाकू.’ त्याला धरून मागे ओढा.

घरचा कुकर आठवा. तीन शिट्ट्या झाल्यात, गॅस आत्ताच बंद केलाय, आणि कुणी झाकण काढायला गेलं तर आई काय करेल? रेडिएटरमध्ये तीच गंमत आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, पण बंद भांड्यात दाब वाढवला की ते त्याहून पुढे जाऊनही पाणीच राहतं. कुकरमध्ये ते साधारण १२० अंशांपर्यंत जातं. गाडीच्या कूलिंगमध्ये दाब साधारण तेवढाच ठेवलेला असतो, आणि तो धरून ठेवतं ते हेच झाकण. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात उतरतो आणि आतलं पाणी जागच्या जागी उकळून उसळतं. एक पेलाभर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर तिला तीनशे लीटरहून जास्त जागा लागते. ती जागा म्हणजे झाकणावर वाकलेला तुमचा चेहरा.

काही गाड्यांमध्ये रेडिएटरवर वेगळं झाकण नसतंच, पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीचंच झाकण दाब धरतं. त्यामुळे ‘ही तर साधी टाकी आहे’ असं समजून तीही उघडायची नाही.

मग करायचं काय? काही नाही. अर्धा तास खरोखर काहीच करायचं नाही. बॉनेटचा खटका आतून ओढून ठेवा, पण वाफ थांबल्याशिवाय बॉनेट वर उचलू नका. उचलल्यावरही हात लांबच ठेवा. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. ओढणी, स्टोल, मोकळे केस, गळ्यातली आयडीची दोरी, सगळं मागे. आणि इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका. दमलेल्या माणसाच्या डोक्यावर ओततात तसं ते करावंसं वाटतं, पण तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो.

एवढं सांगूनही कुणी भाजलंच, तर त्या जागी साधं पाणी ओतत राहा, वीस मिनिटं. गाडीत असतील नसतील त्या बाटल्या वापरा. सूज येण्याआधी अंगठी, घड्याळ, कडं काढा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि १०८ ला फोन करा. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर ‘उद्या बघू’ म्हणत घरी जायचं नाही, थेट घाटी किंवा जवळचं मोठं रुग्णालय.

अर्ध्या तासानंतर

रेडिएटरला जाणारा वरचा जाड रबरी पाइप कापड धरून हलकेच दाबून बघा. तो मऊ लागला, सहज दबला, तर दाब उतरलाय. टणक असेल तर आणखी थांबा. मग जाड टॉवेल झाकणावर टाकून, चेहरा बाजूला वळवून झाकण फक्त थोडंसं फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मगच काढा.

टाकीवर मिन आणि मॅक्सच्या रेघा असतात. पातळी मिनच्या खाली असेल तर कूलंट टाका. कूलंट नसेल तर बिसलेरीची बाटली चालेल, हळूहळू ओतायची. हा फक्त गॅरेजपर्यंत पोचण्याचा इलाज आहे. ओतलेलं पाणी तेवढ्याच वेगाने खाली टपकायला लागलं, तर पाइप किंवा रेडिएटर फुटलाय. पुढे चालवू नका, टो करून न्या. ऑइलची डिपस्टिकही काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळलंय, हेड गॅस्केट गेल्याची ती खूण. अशी गाडी पुन्हा स्टार्टसुद्धा करायची नाही.

यातलं काहीच नसेल, पातळी भरली आणि टिकली, तर एसी बंद ठेवून, काट्यावर नजर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जा. कन्नडला गॅरेज आहेत, थेट घरापर्यंत जाण्याची पैज लावू नका.

मेकॅनिकला नुसतं ‘गाडी गरम होते’ सांगण्यापेक्षा कुठे गरम होते ते सांगा. वेरूळला जाताना दौलताबादच्या तटबंदीतल्या त्या अरुंद दरवाजात रविवारी कोंडी होते. तिथे उभ्या-उभ्या काटा चढतो आणि पुढे मोकळ्या रस्त्यावर खाली येतो? मग संशय रेडिएटरच्या पंख्यावर. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, उभी असताना पंखाच लागतो. कधी कधी नुसता फ्यूज उडालेला असतो. उलट शहरात सगळं ठीक, पण घाटात किंवा समृद्धीवर वेग धरला की तापते? मग रेडिएटर आतून तुंबलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा पंप नीट ढकलत नाहीये. एवढ्या माहितीवर मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो. आणि तुम्हाला काहीतरी कळतं हेही त्याला कळतं, त्याचा बिलावर काय परिणाम होतो ते तुम्हीच बघा.

तुंबण्याचा विषय आपल्याकडे खास आहे. शहराला पाणी जायकवाडीहून येतं आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे घरोघरी बोअर आणि टँकर. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर आणि गिझरमध्ये जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये धरतो. पातळी कमी दिसली की बागेच्या पाइपने भरून टाकायची सवय अनेक घरांत आहे. वर्ष-दोन वर्षं काही होत नाही, आणि मग एका मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, घाटात सगळं एकदम होतं. कूलंटचा डबा काहीशे रुपयांना मिळतो. तो थेट ओतायचा की डिस्टिल्ड वॉटर मिसळून, हे डब्यावरच लिहिलेलं असतं. एकदा घाईत साधं पाणी घातलंच असेल तर नंतर सगळं काढून नवं भरून घ्या.

बाइकवाल्यांनो, तुमचं थोडक्यात. बहुतेक बाइक आणि स्कूटर हवेवर थंड होतात, त्यामुळे सिग्नलला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहणं हाच त्यांचा शत्रू. क्रांती चौकातला सिग्नल लांबला तर बंद करा. पुढच्या चाकामागे छोटा रेडिएटर असलेली लिक्विड-कूल्ड बाइक असेल तर झाकणाचा नियम तुम्हालाही तोच. चिखल बसून ती जाळी बुजलीये का, तेवढं पावसाळ्यात बघत जा.

निघण्याआधीचं काम दोन मिनिटांचं आहे. सकाळी इंजिन गार असताना टाकीतली पातळी बघायची, गाडीखाली रंगीत डाग पडलाय का बघायचं, आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीवर रस्त्यावरच्या मदतीचा नंबर असेल तर तो फोनमध्ये सेव्ह करायचा. पॉलिसी बाबांच्या ईमेलमध्ये असते आणि घाटात नेमकी रेंज नसते.

बाबांना फोन मात्र लवकर करा, गाडी थांबवल्या थांबवल्या. ‘काटा लाल झाला म्हणून थांबलोय, झाकण उघडलेलं नाही’ एवढं एक वाक्य सांगितलंत तर पलीकडून आधी जरा शांतता असेल, आणि मग बहुधा ‘जेवलात का?’ असंच येईल.

आणि निघताना चाकामागचा तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका. रात्री बाइकवरून येणाऱ्याला तो दिसत नाही.